रेवदंड्याची मुअल्लिमा सूरच्या समुद्रात

पोर्तुगीज आधी मस्कतला आले की आमच्या रेवदंड्याला, यावरून माझं आणि माझ्या भावाचं भांडण मस्कत विमानतळाच्या पार्किंगमध्येच सुरू झालं. दिनेशचं म्हणणं, आपल्याकडे आधी. मी जन्मभर हायस्कूलात इतिहास शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, माझ्यापुढे हे कसं चालणार? मी म्हटलं, "आधी इथे. इथे येऊन त्यांनी अख्खं शहर जाळलं. आपल्याकडे किल्ला बांधायला नंतर आले."

"म्हणजे जळण्यात मस्कत पहिलं आणि किल्ल्यात आपण पहिले. खलास, मिटलं," दिनेश म्हणाला. "आता या पिशवीत काय आहे ते सांग, बाय. गाडीला वास लागतोय."

पिशवीत सोडे, सुके बोंबील आणि थोडी आमसुलं होती. रेवदंड्याची कोळीण भावाला भेटायला निघाली आणि सुकं म्हावरं न घेता गेली, असं कधी होत नाही.

दिनेश माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी धाकटा. निम्मं आयुष्य त्याने ओमानात काढलं. मस्कतच्या मत्राहला मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करणारं एक वर्कशॉप आहे, तिथे तो मेकॅनिक. राहायचं माबेलाला, कारण भाडं तिथेच परवडतं. रोज सकाळ-संध्याकाळ गाडीत तासभर. बायको-मुलं गावी. पुढच्या महिन्यात तो सगळं आवरून कायमचा परत येणार होता. त्याआधी त्याने फोन केला, "बाय, एकदा ये आणि माझा देश बघून जा."

"तुझा देश रेवदंडा," मी म्हटलं.

"तो पण. हा पण. आणि सूरला जाऊन तुला लाकडाच्या बोटीत बसवणाराय मी."

त्यावर मी स्पष्ट सांगून टाकलं होतं. जमिनीवरचं दाखवशील ते बघीन, पाण्यात पाय घालणार नाही. आमचे वडील तांडेल होते. मी चौथीत असताना त्यांची बोट वादळात गेली, ती परत आली नाही. आईने त्यानंतर आम्हा दोघांना कधी होडीला हात लावू दिला नाही. मला शाळेत घातलं, शिकवलं, मास्तरीण केलं. समुद्राकाठी जन्म काढून मी कधी बोटीत बसले नव्हते. मांडव्याहून सुटणाऱ्या लाँचीतसुद्धा नाही. मुंबईला जायचं तर वडखळवरून एस.टी. दिनेशला यातलं काही आठवत नाही, तो तेव्हा अंगावर पिणारा होता.

मस्कत

माबेलाच्या फ्लॅटमध्ये दिनेशबरोबर दोघं रत्नागिरीचे आणि एक अलिबागचा असे राहतात. माझ्यासाठी त्यांनी एक खोली रिकामी करून, धुऊन-पुसून, खिडकीला नवा पडदा लावून ठेवली होती. पडद्यावर मोठमोठी कलिंगडं छापलेली. पहिल्या सकाळी रत्नागिरीच्या एकाने घावने केले. माझी आई घालायची तसेच, जाळीदार. मी कौतुक केलं तर तो लाजून म्हणाला, "मॅडम, पंधरा माणसांचं घर सोडून आलो की सगळं येतं."

जुनं मस्कत म्हणजे डोंगरांनी मुठीत धरलेलं छोटंसं बंदर. आताचं शहर पसरलंय दुसरीकडे, अल् खुवैरसारख्या भागांत, जिथे सरकारी कचेऱ्या आणि चकचकीत इमारती आहेत आणि पायी चालणारा माणूस औषधालाही दिसत नाही. पण बंदराच्या तोंडाशी अजून दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत, जलाली आणि मिरानी. दोन्ही पोर्तुगिजांनी उभारलेले. मी कठड्याला टेकून बराच वेळ नुसती बघत राहिले. आमच्याकडेही तसंच आहे ना. खाडीच्या अलीकडे रेवदंड्याचा किल्ला, पलीकडे डोंगरावर कोर्लईचा. जहाज आत येऊ लागलं की दोन्ही बाजूंनी तोफा. इथे एकदम वाटलं, ज्या माणसाने हे बंदर पाहिलं असेल त्याने आमची खाडीही पाहिली असेल आणि दोन्ही ठिकाणी मनात तेच गणित मांडलं असेल.

फरक एवढाच, की इथले किल्ले रंगरंगोटी केलेले, दगड न् दगड जागच्या जागी. आमच्या किल्ल्याच्या भिंतींत वडाची मुळं शिरलीत आणि आत नारळाच्या वाड्या आहेत. आमचं घर तटाला लागून. लहानपणी आम्ही त्या तटावर मासळी वाळत घालायचो. हे सांगितल्यावर दिनेश म्हणाला, "मग खरे जिंकलो आपणच."

समोरच्या कातळांवर जहाजांची नावं पांढऱ्या रंगाने लिहिलेली दिसतात. कुठल्या कुठल्या देशांचे खलाशी बंदरात आले की कड्यावर चढायचे आणि आपल्या जहाजाचं नाव रंगवून जायचे. मी एकेक अक्षर लावत होते. वर्गात मी 'सागरी मार्गांचा शोध' हा धडा किती वर्षं शिकवला. कारणं, परिणाम, नकाशात बाण दाखवा. त्या बाणाच्या टोकाशी असा अरुंद, निळा, शांत पाण्याचा तुकडा असेल आणि त्याच्या काठी माणसांचे नाक-कान कापले गेले असतील, हे मुलांना मी सांगितलं होतं खरं. पण स्वतःला ते पहिल्यांदा इथे कळलं.

दुपारी मत्राहच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, लोबानाच्या धुरात शिंकत शिंकत हिंडलो. दिनेशने मला एक चांदीची डबी घेऊन दिली. तिचं झाकण त्याच दिवशी निघालं, पण त्यावरून मी त्याला काही बोलले नाही.

रुस्ताक

दुसऱ्या दिवशी सालिम आला. सालिम म्हणजे दिनेशच्या वर्कशॉपचा मालक. इथले लोक मालकाला अर्बाब म्हणतात, पण दिनेशने त्याला अर्बाब म्हटलं की सालिम चिडतो. वय पंचेचाळिशीचं, पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी आणि तोंडात आपल्यापेक्षा बरं हिंदी. मी शिक्षिका म्हणून त्याने मला पहिल्या मिनिटापासून 'मुअल्लिमा' म्हणायला सुरुवात केली. "मुअल्लिमा, किल्ले पाहायचे असतील तर मस्कतचे नाही, आमचे पाहा. त्यांचे किल्ले तर त्यांना सोडून जावे लागले."

रुस्ताक डोंगरांच्या पायथ्याशी आहे. खजुराच्या बागा, गरम पाण्याचा झरा, जुना बाजार, आणि या सगळ्यावर बसलेला मातकट रंगाचा अवाढव्य किल्ला. इथेच साऱ्या टोळ्यांनी एकत्र येऊन आपला इमाम, म्हणजे राज्यकर्ता, निवडला आणि त्याच्या घराण्याने पुढे पोर्तुगिजांना मस्कतमधून हाकललं. गच्चीवर वारा मस्त होता. सालिमने पायऱ्यांवर बसकण मारली आणि गोष्ट सुरू केली.

"मस्कतमध्ये तुमचा एक हिंदू व्यापारी होता. पोर्तुगीज किल्लेदाराला त्याची मुलगी आवडली. म्हणाला, मला दे. बाप म्हणाला, नाही. किल्लेदार म्हणाला, मग तुझं दुकान, घर, सगळं जाईल. तेव्हा बाप काय म्हणाला माहितेय? म्हणाला, हुजूर, लग्नाच्या तयारीला वेळ द्या. आणि जाता जाता सांगतो, किल्ल्यातलं पाणी जुनं झालंय, धान्याला किडे लागलेत, तोफांची दारू दमट झालीय. सगळं उपसून टाका, मी ताजं भरून देतो."

"आणि त्याने उपसलं?" मी विचारलं.

"सगळं! हौद रिकामे, कोठारं रिकामी. मग त्या बापाने इमामाला निरोप धाडला, आता या. आणि आमचे लोक भिंती चढून आत."

गोष्ट मला फार आवडली. तरी जीभ गप्प बसेना. "सालिमभाई, याला पुरावा काय? पोर्तुगिजांच्या कागदांत हे कुठेच नाही."

सालिम दिनेशकडे वळला. "तुझी बहीण म्हणते, पोर्तुगिजांनी स्वतःच्या कागदात लिहायला पाहिजे होतं, की आम्ही एका मुलीच्या बापाकडून मूर्ख बनलो."

दिनेश एवढा हसला की किल्ल्याच्या रखवालदाराने वर येऊन पाहिलं. मीही हसले. पण मास्तरकी मुरलेली, मी म्हटलं, "बरं, आता माझी ऐका. पोर्तुगीज गेल्यावर तुम्ही त्यांचीच जहाजं घेतलीत, आणखी बांधलीत आणि आमच्या वसईपर्यंत येऊन लुटालूट करून गेलात. याला मात्र कागद आहे."

सालिमचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "वसई? सच?" त्याने छातीवर हात ठेवला. "मुअल्लिमा, सगळ्या ओमानतर्फे सॉरी. चला, कॉफी पाजतो."

त्या कॉफीची फजिती सांगायलाच हवी. बाजारातल्या सालिमच्या ओळखीच्या हलवेवाल्याने बिनकानाच्या चिमुकल्या कपात वेलचीची कॉफी दिली. मी संपवली, त्याने ओतली. पुन्हा संपवली, पुन्हा ओतली. पाहुण्याने नको म्हणू नये, या आपल्या संस्कारावर मी पीत राहिले. छातीत धडधडायला लागलं तेव्हा दिनेशला दया आली. "बाय, कप असा हलवायचा. नाय हलवलास तर तो मगरीबच्या नमाजापर्यंत ओतत बसेल." मी कप हलवला तेव्हा हलवेवाला आणि सालिम दोघांनी टाळ्या वाजवल्या. रात्रभर मी माबेलाच्या छताकडे टक्क बघत पडले होते.

सूर

सूर सालिमचं गाव. रस्ता डोंगर आणि समुद्र यांच्या मधून जातो, वाटेत कुरयात लागतं. तेही पोर्तुगिजांनी मस्कतसारखंच जाळलेलं. आता तिथे पोरं वाळूत फुटबॉल खेळत होती.

सूरला अजून लाकडी जहाजं बांधतात. कारखान्यात सागाचा वास भरलेला. हा साग आपल्या मलबारचा, पूर्वीपासून तिकडूनच येतो. मोठ्या जहाजाच्या फासळ्यांखाली उभं राहून वर बघताना मी नकळत चप्पल काढली. दिनेशने ते पाहिलं. आणि बोटीचा विषय काढलाच. सालिमचे काका हमद यांचं एक जुनं लाकडी जहाज आहे. लहानसंच, सांबूक म्हणतात त्याला. दिनेशने उद्या त्यातून जायचं ठरवूनही टाकलं होतं.

"तू जा. मी किनाऱ्यावर बसून बघते," मी म्हटलं. तो हिरमुसला. मला वाईट वाटलं, पण हो म्हणवेना.

सालिमच्या घरी त्याची आई होती, शम्साबीबी. सत्तरी ओलांडलेली, गोल चेहऱ्याची, सावळी, हसली की डोळे गडप होणारी बाई. तिने माझा हात धरून सरळ स्वयंपाकघरात नेलं. तिला अरबी आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्वाहिली येत होती, मला दोन्ही नाही. सालिम दारात उभा राहून हिंदीत सांगत होता, पण थोड्या वेळाने त्याची गरजही उरली नाही. तिने फळ उचललं, म्हणाली, "नानासी."

"अननस!" मी म्हटलं.

तिने टेबलावर थाप मारली. "मेझा."

"मेज!"

"पेसा." "पैसा!" "गारी." "गाडी!" "चपाती." "चपाती!" आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या ओरडत होतो. अननस आणि मेज पोर्तुगिजांनी दोघींच्या घरात टाकलेले, पैसा आणि गाडी आपल्याकडून तिकडे गेलेली. जहाजांतून तोफा आल्या, त्याच जहाजांतून स्वयंपाकघरात हे शब्द आले. तोफांना गंज चढला. शब्दांना काही झालं नाही.

जेवायला नारळाच्या रसातली सुरमई होती. पहिला घास घेतला आणि मी थबकले. आमसूल सोडलं तर हे आमचंच कालवण होतं. मी पिशवीतून आमसुलं काढून दिली. शम्साबीबीने एक चोखलं, डोळे मिटून घेतले आणि बाकीची लगेच डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवली. सालिम म्हणाला, "आता ती कोणालाच मिळणार नाहीत."

जेवणानंतर ती बोलती झाली. तिचा जन्म झांजीबारचा. पोर्तुगीज गेल्यावर आफ्रिकेचा तो किनारा ओमानी सुलतानांच्या ताब्यात आला, लवंगांच्या बागा उभ्या राहिल्या, आणि बागांत राबायला गुलाम आणले गेले. मी हे शिकवलेलं. पण शम्साबीबी ते घरातलं काही सांगावं तसं सांगत होती.

"माझ्या आईचा आजा सूरचा. त्याचं जहाज होतं. माझ्या बापाची आजी तशाच एका जहाजातून आणलेली. तिला कोणी विचारलं नव्हतं, यायचं का म्हणून." तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "दोघांचंही रक्त माझ्यात आहे. लहानपणी मी आईला विचारायचे, मी कोणाच्या बाजूची? आई म्हणायची, तू आधी जेव."

सालिमने हे भाषांतर डोळे खाली घालून केलं.

मग तिने पुढचं सांगितलं. ती अकरा-बारा वर्षांची असताना तिकडे उठाव झाला, अरब घरांवर हल्ले झाले. आईने तिला आणि धाकट्या भावाला घेऊन रात्रीच एका जहाजात उडी घेतली. वडील मागे राहिले. "नंतर येतो म्हणाले. आले नाहीत. तेव्हापासून मी समुद्रावर पाय ठेवलेला नाही. नवरा खलाशी, दीर जहाजाचा नाखुदा, आणि मी किनाऱ्यावर."

मी सालिमला म्हटलं, "त्यांना सांग, माझेही वडील आले नाहीत. मीही कधी बोटीत बसले नाही."

त्याने सांगितलं. शम्साबीबी माझ्याकडे एकटक बघत राहिली. मग एकदम मांडीवर हात आपटून काहीतरी म्हणाली. सालिम उडालाच. "अम्मा?"

"काय म्हणतात?"

"म्हणते, मुअल्लिमा येत असेल तर मी येते. उद्याच. म्हणते, दोघींनी किती वर्षं घाबरायचं?"

दिनेश माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, शम्साबीबीकडे पाहिलं. "सांग तिला," मी म्हटलं, "इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नाही," शम्साबीबी हिंदीत म्हणाली. तेवढं तिला येत होतं. "पक्का."

समुद्रावर

सकाळी बंदरावर सालिमने आम्हा दोघींना नारिंगी लाइफ जॅकेटं घातली. काळ्या अबायावर नारिंगी जॅकेट घातलेली शम्साबीबी आणि नऊवारीवर तेच घातलेली मी. नऊवारी मी मुद्दाम नेसले होते, आई नेसायची तसं. बंदरावरच्या सगळ्यांनी फोन काढले.

हमदकाका म्हणजे वाळलेल्या खजुरासारखा म्हातारा, पायात काही नाही. सांबूकला इंजिन होतं, पण डोलकाठी आणि शीडही त्यांनी हट्टाने ठेवलं होतं. मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं. रेवदंडा म्हटल्यावर मान हलली नाही. शेजारचं चौल म्हटल्यावर हलली. चौल त्यांच्या आजोबांच्या तोंडी असायचं. आमच्यात नाखवा म्हणतात बोटीच्या धन्याला, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "नाखुदा." मी मागच्या दांड्याकडे बोट करून म्हटलं, "सुकाणू." ते म्हणाले, "सुक्कान." आणि पुढे होऊन त्यांनी मला हात दिला.

फळीवरून बोटीत उतरेपर्यंत मी तो हात सोडला नाही. शम्साबीबी आधीच आत बसून डोळे मिटून काही पुटपुटत होती. मी तिच्या शेजारी बसले. तिने माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगडी रुतली. बोट हलली तेव्हा आम्ही दोघींनी एकाच वेळी "आई गं" म्हटलं, तिने तिच्या भाषेत आणि मी माझ्या.

पण समुद्र अगदी गुळगुळीत होता. किनाऱ्याला धरून आम्ही रास अल् हद्दच्या दिशेने निघालो. उजवीकडे तांबूस कडे, डावीकडे निळं मोकळं पाणी. थोड्या वेळाने डॉल्फिन आले. एक नव्हे, थवाच. बोटीच्या पुढे उड्या मारत. शम्साबीबीने डोळे उघडले आणि मग मिटलेच नाहीत.

हमदकाकांनी समोर हात केला. हिवाळ्याचा वारा धरून त्यांचे आजोबा-पणजोबा इथूनच आफ्रिकेला जायचे आणि पावसाळ्याआधी वारा फिरला की परत यायचे. मी सालिमकरवी विचारलं, आमच्या पुस्तकांत लिहिलंय की पोर्तुगिजांनी हिंदुस्थानचा सागरी मार्ग शोधून काढला, यावर तुमचं काय म्हणणं?

म्हातारा सुकाणूवरून वाकून म्हणाला, "हरवला होता का?"

परतताना इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. एकदम शांतता. लाटांचा आवाज तेवढा. दिनेश उत्साहाने उठला. त्याचा तर हा धंदाच. त्याने झाकण काढलं, हात घातले, कोपरापर्यंत काळा झाला, शिव्या दिल्या, नळी काढली, फुंकली, लावली. काही नाही. "पंप गेला," तो शेवटी म्हणाला. "पार्ट पाहिजे. खलास." इतक्या वर्षांची कारागिरी आणि नेमकं आज, बहिणीसमोर. बिचाऱ्याचे कान लाल झाले. सालिमने किनाऱ्यावर फोन लावला. मदतीची बोट येईल, पण वेळ लागेल.

किनाऱ्यावरून हाक ऐकू येणार नाही इतके आम्ही दूर होतो. बोट आडवी होऊन डुलू लागली. मला वडिलांची बोट आठवली, आणि आठवायला नको होती. शम्साबीबीची पकड पुन्हा घट्ट झाली.

हमदकाका मात्र उठून उभे राहिले आणि हसायला लागले. मनापासून, सगळे उरलेले दात दाखवून. दुपारचा वारा समुद्रावरून सुटला होता. "यल्ला," ते म्हणाले आणि शिडाची दोरी सोडायला लागले.

सालिम आणि दिनेश दोरीला भिडले. शिडाचं आडवं लाकूड वर चढेना. काका ओरडून लय देत होते, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी ओढायचं. लाकूड अर्ध्यात अडकलं. तेव्हा मी उठले. कशी उठले मला सांगता येणार नाही. मी दोरी धरली, पाय फळीला रोवले, कासोटा होताच आवळलेला. धापा टाकत कोणी तरी माझ्यामागे दोरी धरली. पाहते तर शम्साबीबी. आम्ही पाचही जणांनी ओढलं. "हैस्सा!" माझ्या तोंडून आपसूक गेलं, आमच्या बंदरावर बोट वर ओढताना म्हणतात ते. काकांनी लगेच ते उचललं. "हैस्सा!"

शीड वर गेलं, फडफडलं आणि भरलं. ते भरताना जो आवाज होतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही. बोट एका कुशीवर कलली आणि धावायला लागली. इंजिनाचा धूर नाही, थरथर नाही. पाणी नुसतं चिरत जात होतं.

दिनेश काळ्या हातांनी माझ्याजवळ येऊन बसला. त्याने वर शिडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाय, आपले बाबा असेच बसायचे का? काकांसारखे?"

आजवर त्याने कधी विचारलं नव्हतं आणि आई असेपर्यंत घरात तो विषय निघतच नसे. मी सांगायला लागले. बाबा एक पाय मुडपून सुकाणूशी बसायचे. डोक्याला लाल रुमाल. गायचे मोठ्याने आणि भयंकर बेसूर. किनाऱ्यावरच्या बायका म्हणायच्या, तांडेल आला, कान झाका. म्हावरं भरपूर मिळालं असेल तर लांबूनच रुमाल काढून फिरवायचे. "तू झालास तेव्हा," मी म्हटलं, "मासळी काहीच नव्हती त्या दिवशी. तरी खाडीच्या तोंडापासून रुमाल फिरवत आले."

दिनेशने मान फिरवली. खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू आलं, पण ते जड नव्हतं. शम्साबीबीने काहीही न विचारता आपल्या ओढणीच्या टोकाने आधी त्याचं तोंड पुसलं, मग माझं. इंजिनाचं काळं तेल तिघांच्याही चेहऱ्यांना लागलं. सालिम आमच्याकडे बघून हसायला लागला आणि मग आम्हीही.

सूरच्या बंदरावरचा मनोरा दिसायला लागला तेव्हा समोरून मदतीची मोटारबोट आली. वेगात, पाणी उडवत. तिच्यावरच्या माणसाने वेटोळं घातलेला दोर उचलला आणि आमच्याकडे फेकायला हात मागे नेला. सालिमने सवयीने हात पुढे केला.

शम्साबीबी उठून उभी राहिली. एका हाताने माझा खांदा धरलेला, दुसरा हात त्या माणसाकडे रोखलेला. ती इतक्या खणखणीत आवाजात ओरडली की तो दोर हातात धरून तसाच थांबला. हमदकाकांनी सुकाणूवर डोकं टेकून हसू दाबलं.

"काय म्हणाल्या?" मी सालिमला विचारलं.

"म्हणते, दोर ठेव खाली. कोणी बोलावलं तुला? आम्ही आमचे येतोय."

मोटारबोट बाजूला झाली. आम्ही उभ्या शिडानिशी तिच्या शेजारून पुढे गेलो. सरळ बंदरात.